इतर

फॉर्म क्रमांक नऊ. रस्तारुंदी, बाधित वस्तूंची यादी.
रकाने ठरलेले: झाड, खांब, गटाराचं झाकण,
नळ, टपरी, धार्मिक स्थळ.
आणि शेवटी, बोटभर जागेचा, इतर.

बावीस वर्षं मी महापालिकेची टेप ओढतो.
दुसरं टोक धरायला मोरेश्वर पागधरे,
चष्मा घरी विसरतो, रोज.
साहेब म्हणतात, इतरमध्ये फार लिहू नका,
छापखान्यानंच जागा कमी ठेवलीय.

आता रे रोडचं घ्या.
फखरुद्दीनच्या भंगारवखारीसमोर
एका विमानाचं शेपूट उभं आहे, नुसतंच शेपूट.
पंख गेले भांड्यांत, पोट गेलं पत्र्यांत,
खुर्च्या एका दंतवैद्यानं नेल्या,
शेपटाला गिऱ्हाईक नाही.
एक शेळी बांधलेली असते त्याला.
दोरी चांगली लांब, पण ती सावलीपुरतीच फिरते,
बारा वाजता अगदी पत्र्याला चिकटून उभी.
मी लिहिलं: शेपूट, एक.
पागधरे म्हणाला, विमानाचं लिहा साहेब,
नाहीतर वरचे शेळीचं समजतील.

शिवडीकडे वळताना चौकात पोलीस.
साडीच्या दुकानातली बाहुली ती. दुकान बुडालं तेव्हा
हवालदार केणींनी मागून आणली,
खाकी चढवली, पेनानं मिशी काढली.
नखं मात्र लालच राहिली.
एकदा कुणी ट्रकवाल्यानं
बोटांच्या बेचक्यात पन्नासची नोट खोचली,
संध्याकाळपर्यंत तशीच होती.
या चौकात असा माणूस पहिलाच,
हे केणी स्वतःच सांगतात.

आणि मैलोबा.
मैलाचाच दगड, अर्धा फुटपाथखाली गेलेला,
शेंदराच्या पुटांतून इंग्रजी सहा अजून चाचपता येतो.
कशापासून सहा, आता कुणाला ठाऊक नाही.
नवस बोलायचा तो फक्त पोचण्याबद्दल:
कंटेनर नाशिकला पोचू दे, पैसे गावी पोचू देत,
पोरगी परीक्षेला वेळेत पोचू दे.
दुसरं काही मागितलं तर देव गप्प.
धार्मिक स्थळ लिहावं तर फाइल वर जाते,
आणि वर गेलेली फाइल
सहा नारळ फोडले तरी कुठे पोचत नाही.

पण मी सांगणार होतो ते दाराचं.
कोळसाबंदराच्या अलीकडे, पत्र्याच्या कुंपणाला लागून
एक चौकट, तिच्यात हिरवं दार.
मागे घर नाही. बाजूला भिंत नाही. उंबरा आहे.
कडीकोयंडा आहे, पाटी आहे: घाडीगावकर.
पोलिओवाल्यांची खडूची खूण, गेल्याच महिन्यातली.
चाळ पाडली तेव्हा इंदुमतीबाई
चौकट धरून बसल्या, ती तेवढी राहिली.
दावा कोर्टात. वकील म्हणाले, पत्ता टिकवा.
त्या झोपायला पुतण्याकडे कॉटन ग्रीनला जातात,
सकाळी येऊन कुलूप काढतात,
उंबऱ्यावर दोन बोटं रांगोळी, दिवसभर तिथेच.
पोस्टमन पत्र फटीतून आत सरकवतो,
ते पलीकडे मातीत पडतं.

मी टेप उघडली आणि, का कोण जाणे, कडी वाजवली.
बाई चार पावलांवर शेंगा सोलत बसलेल्या,
मला दिसत होत्या, मी त्यांना.
तरी उठल्या, पदर झटकला,
वळसा घालून मागे गेल्या,
आणि आतून विचारलं, कोण आहे?

दार उघडलं.
मागे खाडीकडचा वारा, एक क्रेन, भरपूर ऊन.
पागधरेनं चपला काढल्या.
मग मीही.

साडेसहा फूट बाय तीन, मी पुटपुटलो.
बाई म्हणाल्या, हे दाराचं झालं.
आता आत या, घर मोजा.

पागधरे टेपचं टोक धरून आत गेला.
स्वयंपाकघर कुठवर आहे, त्यानं विचारलं.